माळ्यावरच्या कॅसेट, हळदीची ओवी आणि न कळणारा एक शब्द

पूर्णाकाठची | शनिवार, रात्री ९:१०

दिवाळीच्या आवराआवरीत जिंतूरच्या घरी माळ्यावरून पत्र्याची पेटी खाली काढली. आत ४३ कॅसेट निघाल्या. बहुतेक सगळ्या बाबांनी रेकॉर्डिंग सेंटरमधून भरून घेतलेल्या. बाबा वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून द्यायचे, दुकानदार चार दिवसांनी कॅसेट हातात ठेवायचा. साठच्या कॅसेटला एका बाजूला ३० मिनिटं, त्यामुळं प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं अंतऱ्यातच तुटायचं. आजही त्यातलं एखादं गाणं कुठं लागलं की माझा कान त्या जागेवर थांबतो. पुढचं गाणं मला परकं वाटतं.

पण धागा काढला तो एका वेगळ्या कॅसेटसाठी. तिच्यावर नुसतं "हळद, १९९१" असं लिहिलंय. आमच्या आत्याच्या लग्नात जात्यावर हळद दळताना बायकांनी म्हटलेल्या ओव्या कुणीतरी टेप करून ठेवल्यात. जात्याची घरघर, बांगड्या, मध्येच कुणाचं तरी "अगं वैरण घाल की" (वैरण म्हणजे जात्यात टाकायची मूठ), आणि वर माझ्या आजीचा आवाज. आजी जाऊन १४ वर्षं झाली. मी ते स्वयंपाकघरात उभी राहून ऐकलं आणि गॅसवरचं दूध उतू गेलं.

त्यातली एक ओवी अशी आहे:

*बाई सासर दूरदेशी, मधी भरली ......*
*बंधू पल्याड उभा, त्याला उतार दिसंना*

जिथं टिंबं दिलीत तिथं शब्दच कळत नाही. आवाज गढूळ होतो, बहुतेक फीत खराब झालीय. आई म्हणते "पुरना" असणार, कारण आपलं सगळं गणगोत पूर्णेच्या काठचं. मला मात्र ऐकताना तसं वाटत नाही. तुमच्याकडं ही ओवी कशी म्हणतात? आणि तुमच्या स्वतःच्या संग्रहात अशी काही गाणी परत सापडलीत का? सविस्तर लिहा.

---

गोदातीर | शनिवार, रात्री ९:३८

गंगाखेडहून. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात, ओवीतही तसंच येतं:

*सासर दूरदेशी, मधी भरली गं गंगा*
*बंधू पल्याड उभा, त्याला सांगावा सांगा*

---

मांजराथडी | शनिवार, रात्री ९:५२

आमची आई केज तालुक्यातली. आत्ताच फोन करून विचारलं. तिनं फोनवरच म्हणून दाखवली, मग थांबेचना!

*सासर दूरदेशी, मधी भरली मांजरा*
*पल्याडल्या थडीला, दिसं फेटा पांढरा*

म्हणजे नदी बदलली की दुसरी ओळही बदलते. यमक जुळायला पाहिजे ना.

---

फीतवाला | शनिवार, रात्री १०:२०

मी लातूरला वीस वर्षं टेप, रेडिओ दुरुस्त केलेत, म्हणून आधी कामाचं सांगतो.

ताई, ती कॅसेट आता परत परत लावू नका. तीस वर्षांत आतला स्पंजचा छोटा तुकडा, जो फितीला हेडवर दाबून धरतो, त्याचा गोंद सुटतो. तो निघाला की आवाज दबका येतो. कॅसेटला स्क्रू असतील तर उघडून तेवढा तुकडा दुसऱ्या जुन्या कॅसेटमधून काढून लावता येतो. स्क्रू नसतील, बॉडी चिकटवलेली असेल, तर रीळ काढून स्क्रूवाल्या रिकाम्या बॉडीत घालायची. फितीची रुंदी जेमतेम पावणेचार मिलिमीटर, पीळ पडू देऊ नका. आधी पेन्सिल घालून हातानं एकदा पुढं, एकदा मागं गुंडाळून घ्या, म्हणजे चिकटलेले वेढे मोकळे होतात. आणि कॅसेटच्या पाठीवरच्या प्लास्टिकच्या दोन्ही छोट्या पट्ट्या लगेच मोडा. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर आजी पुसल्या जातील.

टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा बघा. जुने पट्टे वितळून डांबरासारखे होतात आणि मग टेप संथ चालते. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसानं पुसा, अत्तर किंवा रॉकेल नको. लोकांनी रॉकेलनं पुसलेली हेडं मी बघितलीत.

आता एकच प्रश्न. जिथं शब्द कळत नाही, तिथं फीत चुरगळलेली दिसते का?

---

खडकीकर | शनिवार, रात्री ११:०५

फीतवाला दादांचं उत्तर जपून ठेवलं.

माझ्या संग्रहातलं सांगतो. मी औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा. वडील दरवर्षी खुलताबादच्या उरुसाला जायचे आणि येताना कव्वालीची एखादी कॅसेट आणायचे. त्यातल्या एका कॅसेटवर "खबर-ए-तहय्युर-ए-इश्क सुन" होती. लहानपणी एक अक्षर कळायचं नाही. वडिलांनाही सगळं कळत नव्हतं, पण त्या ओळीला ते डोळे मिटायचे. मला वाटायचं, हे दिल्लीकडचं किंवा पार पाकिस्तानातलं काहीतरी असणार.

मागच्या वर्षी ती कॅसेट कपाटात सापडली, म्हणून कवीचं नाव शोधलं. सिराज औरंगाबादी! अठराव्या शतकातला, आमच्याच गावचा. ज्या गल्ल्यांतून मी शाळेत गेलो, त्या शहरात हे लिहिलं गेलं आणि चाळिशी गाठेपर्यंत मला ते कुणी सांगितलं नाही. त्याच्या आधीचा वली दखनीही आपल्या शहरातच जन्मला असं मानतात. शाळेत वेरूळ-अजिंठा पाठ करून घेतलं, हे कुणी शिकवलं नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. मुलीला आता ती गझल पाठ झालीय. अर्थ आम्ही दोघं वही घेऊन लावतो, रोज एक शेर.

---

पूर्णाकाठची | शनिवार, रात्री ११:२०

@फीतवाला दादा, बॅटरीच्या उजेडात बघितलं. त्या जागी फीत अगदी सपाट आहे, सुरकुतीसुद्धा नाही. मग शब्द का कळत नाही?

@खडकीकर, ही दखनीची, म्हणजे दख्खनच्या उर्दूची गोष्ट वेगळ्या धाग्यात नक्की लिहा.

---

मोकळंकपाट | रविवार, सकाळी ७:४५

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. मी पाच वर्षांपूर्वी सगळ्या कॅसेट भंगारात दिल्या, जवळजवळ दोनशे. घर बदलताना ट्रकमध्ये जागा नव्हती. आज त्यातलं प्रत्येक गाणं मोबाईलवर मिळतं, आवाजही जास्त स्वच्छ. वस्तूंत जीव अडकवून आपण घरं भरून ठेवतो. माझी आई शेवटी दीड वर्ष अंथरुणावर होती, तिला वस्तूंशी काही घेणंदेणं नव्हतं. पण भूपाळ्या शेवटपर्यंत म्हणत होती. गाणं गळ्यात राहतं, पेटीत नाही. हे मी अनुभवानं बोलतोय.

---

गोदातीर | रविवार, सकाळी ८:३०

@मोकळंकपाट, तुमच्या आईंचं वाचून गलबलून आलं. विकत घेतलेल्या कॅसेटबद्दल तुमचं बरोबर आहे. पण ताईंच्या कॅसेटवरचं मोबाईलवर कुठं मिळणार? ती तर जगात एकच आहे.

---

तेरणाकाठ | रविवार, सकाळी १०:१५

लिहावं की नाही, रात्रभर विचार करत होतो.

आमचं गाव किल्लारीपासून जवळ. २९ सप्टेंबर १९९३ ला गणपती विसर्जन झालं. लोक उशिरा घरी आले, दमून झोपले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. दगडमातीच्या रुंद भिंती होत्या, वर माळवद. उन्हाळ्यात गार राहायची ती घरं. तीच अंगावर आली. मी तेव्हा सोलापूरला मामाकडं शिकायला होतो, म्हणून आहे.

भूकंपाच्या आदल्या आषाढात मामांनी आमच्या गावच्या भजनी मंडळाचं भजन टेप केलं होतं आणि कॅसेट सोलापूरला नेली होती. म्हणून ती वाचली. नऊ जण गातायत. त्यातले सहा त्या पहाटे गेले. कित्येक वर्षं मी ती लावलीच नव्हती. लॉकडाऊनमध्ये कपाट आवरताना हाताला लागली आणि त्या रात्री ऐकली.

मला वाटलं होतं, आवाजांनी त्रास होईल. त्रास झाला तो वेगळ्याच गोष्टीनं. दोन अभंगांच्या मधल्या वेळात पलीकडच्या गल्लीतून एक बाई पोराला जेवायला हाक मारतीय. त्या हाकेला घुमारा आहे, भिंतींना आपटून आलेला. ती गल्ली आता नाही. पुनर्वसनात नवं गाव बसलं, रस्ते रुंद झाले, घरं लांब लांब झाली. तिथं हाक मारली तर अशी घुमत नाही. आमच्या जुन्या गावाचा आवाज एवढ्या एका कॅसेटवर शिल्लक आहे.

मोकळंकपाट दादा, तुम्ही म्हणता ते मला पटतं, माणसापुढं वस्तूची किंमत नाही. पण ही कॅसेट मी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलीय.

---

मोकळंकपाट | रविवार, सकाळी १०:४०

तेरणाकाठ दादा, बरं केलंत लिहिलंत. यापुढं मी काय बोलणार? ती कॅसेट सांभाळा.

---

फीतवाला | रविवार, सकाळी ११:००

तेरणाकाठ, लॉकरमध्ये ठेवलीत ते ठीक, पण आधी तिची डिजिटल प्रत करून घ्या. मी येऊन करून देतो, डेक घेऊन येतो. पैशाचा विषय काढू नका. त्या वेळी मीही खोऱ्याघमेलं घेऊन तिकडं आलो होतो.

---

निळीपहाट | रविवार, दुपारी १:२५

सगळ्यांना सप्रेम जयभीम. तेरणाकाठ दादांनंतर लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते.

आमच्याकडं वामनदादा कर्डकांच्या गीतांच्या कॅसेटचा एक डबा आहे. १४ जानेवारीला, नामविस्तार दिनाला, विद्यापीठाच्या गेटवर पुस्तकांचे आणि कॅसेटचे स्टॉल लागायचे. १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव जोडलं, तो नामविस्तार, त्यासाठी सोळा वर्षं लढा चालला होता. आई दरवर्षी तिथून एक पुस्तक आणि एक कॅसेट घ्यायची. हा तिचा नेम होता. यंदा डबा उघडला तर प्रत्येक कॅसेटच्या खोक्यात घडी घातलेला कागद होता, गाणं ऐकून आईनं उतरवून काढलेला. शुद्धलेखनाच्या चुका आहेत, पण एक ओळ सुटलेली नाही. आई चौथीपर्यंत शिकली. ती म्हणते, लिहायचा सराव मी या गाण्यांवर केला. कॅसेट थांबवायची, लिहायचं, परत मागं घ्यायची. त्या कॅसेट मधूनमधून घासल्या गेल्यात ते त्यामुळंच, हे मला आत्ता कळलं.

आणि ओवीबद्दल: गी पॉयटेव्हिन आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रभरातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्यात. 'परी'च्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या) संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात. आपल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्याही त्यात आहेत, १९९६ साली टेप केलेल्या. ताई, तुमची ओवीही तिथं शोधून बघा. एकच ओवी दहा गावांत दहा तऱ्हांनी सापडते.

---

कोयता | रविवार, दुपारी ३:१०

निळीपहाट ताई, आईला माझा जयभीम सांगा.

मी बीड जिल्ह्यातला. आईबाप ऊसतोडीला. आमच्या घरात कॅसेट कधी नव्हती, आमचा संग्रह म्हंजी मेमरी कार्ड. दसरा झाला की उचल, म्हंजी आगाऊ पैसे, घेऊन टोळी निघायची. निघायच्या आदल्या दिवशी बाप तालुक्याच्या मोबाईल दुकानात जाऊन कार्ड भरून आणायचा. दुकानदार जे टाकील ते. भजनं, लावण्या, हिंदी, काई बी. मग सहा महिने फडात, कोप्यांवर, रात्री गाडी भरताना तेवढीच गाणी.

तुम्ही तुटलेल्या गाण्याचं लिवलं ना ताई, म्हणून मला हे आठवलं. आमच्या कार्डावर एक गाणं अर्धंच आलं होतं. एक मिनिट सत्तेचाळीस सेकंदाला खट्कन बंद व्हायचं, मधल्या शब्दावरच. आख्ख्या टोळीला ते गाणं तेवढंच पाठ. वाढं, म्हंजी उसाचे शेंडे, बांधताना बाया म्हणायच्या आणि त्याच शब्दावर सगळ्या एकदम गप व्हायच्या, मग हसायच्या. पुढं काय हाय ते कुणालाच माहीत नव्हतं, कुणाला गरज बी वाटली नाही.

आता मी पुण्यात नोकरीला हाय. मागच्या महिन्यात बापाचा जुना मोबाईल सापडला, कार्ड आतच. चालू झालं. मग ते गाणं पूर्ण शोधून ऐकलं, साडेपाच मिनिटांचं. चांगलं हाय, पण मला ते नको वाटलं. आईला फोनवर अर्धंवालं लावून दाखवलं. बरोबर त्या शब्दावर ती पण थांबली, पंधरा वर्षांनी.

---

मांजराथडी | रविवार, दुपारी ३:४०

कोयता भाऊ, डोळ्यासमोर फड उभा केलास. ते कार्ड कॉम्प्युटरवर उतरवून घे रे लवकर, कार्डं एका दिवसात बसतात.

---

गोदातीर | रविवार, संध्याकाळी ६:००

परत ओवीकडं वळतो. शेवटचा शब्द "दिसंना" आहे ना, मग गंगा, मांजरा, तेरणा यातलं काही बसत नाही. "पुरना" बसतं. आणखी एक नदी बसते, ती म्हणजे दुधना. "मधी भरली दुधना, त्याला उतार दिसंना." ऐकायला तर हेच जास्त गोड लागतं.

---

पूर्णाकाठची | रविवार, संध्याकाळी ६:२५

दुधना? ती तर सेलूकडं. आमचं तिकडं कुणी नाही हो. आजीचं माहेरही पूर्णेच्याच काठचं.

---

फीतवाला | रविवार, रात्री ८:१५

ताई, फीत सपाट आहे म्हणता, तर दोष फितीचा नाही. तीन गोष्टी सांगा. आत्ता तुम्ही कशावर ऐकताय? तेव्हा कशावर टेप केलं होतं? आणि बायका कशा बसल्या होत्या?

---

पूर्णाकाठची | रविवार, रात्री ८:५०

आत्ता ऐकतेय तो शेजारच्या सरांचा एका स्पीकरचा छोटा टेप. तेव्हा आत्याच्या सासरकडच्या पाहुण्यांनी मुंबईहून आणलेला मोठा टू-इन-वन होता, दोन्ही बाजूंना स्पीकर असलेला. आई सांगते की तो जात्याच्या शेजारी पाटावर ठेवला होता. जात्याला दोघी समोरासमोर बसलेल्या, एक या अंगाला, एक त्या अंगाला, खुंट्यावर दोघींचे हात.

---

फीतवाला | रविवार, रात्री ९:०५

मग नीट ऐका. तसल्या मोठ्या टेपला बहुतेक वेळा दोन माइक असतात, एक डावा, एक उजवा. फितीवर दोन वेगळ्या रेघा उमटतात. तुमच्या एका स्पीकरच्या टेपमध्ये त्या दोन्ही एकत्र होऊन वाजतात. स्टिरिओ डेक मिळवा, कॉम्प्युटरला जोडा, ऑडेसिटी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवून घ्या. आवाज साफ करायच्या भानगडीत अजिबात पडू नका, घरघर कमी करायला जाल तर बायकांचे आवाजही खरवडून निघतील. मग हेडफोन लावा आणि आधी नुसती डावी बाजू ऐका, नंतर नुसती उजवी.

---

खडकीकर | रविवार, रात्री ९:१२

ताई, माझ्याकडं चालू स्थितीतला स्टिरिओ डेक आहे. पुढच्या शनिवारी परभणीला येतोय, तिथून जिंतूर काही लांब नाही. घेऊन येऊ का?

---

पूर्णाकाठची | रविवार, रात्री ९:१४

या हो दादा, जेवायलाच या. येताना मुलीलाही आणा.

---

पूर्णाकाठची | पुढचा शनिवार, रात्री १०:३०

खडकीकर दादा आणि त्यांची लेक आत्ताच गेले. कसं लिहावं कळत नाहीये, जसं झालं तसं लिहिते.

आधी डावी बाजू ऐकली. आवाज आजीचा नव्हताच. पातळ, वरच्या पट्टीतला आवाज, आणि स्वच्छ ऐकू आलं, "मधी भरली दुधना". आईनं मला परत लावायला सांगितलं. मग तिनं ओळखलं: ही धाकटी काकू, म्हणजे आजीची धाकटी जाऊ. तिला आम्ही फार बघितलं नाही, ती लवकर गेली. तिचं माहेर सेलूजवळचं, दुधनेच्या काठचं. हे आईलाही आवाज ऐकल्यावर आठवलं.

मग उजवी बाजू. तिथं आजी. त्याच ओळीला, त्याच ठेक्यात, "मधी भरली पुरना".

दोघी एकाच वेळी म्हणतायत. बाकीची सगळी ओवी शब्दाला शब्द सारखी, फक्त नदीपाशी एक दुधना म्हणते आणि एक पुरना. त्यामुळं तो शब्द कळत नव्हता. कॅसेटवर पुढं ही ओवी आणखी दोनदा येते. दोन्ही वेळा असंच. कुणी कुणाला थांबवत नाही, कुणी आपला शब्द बदलत नाही, आणि जात्याचा फेरा कुठंही अडत नाही.

आईनं हेडफोन काढला, हात धुतले आणि खडकीकर दादांच्या मुलीला म्हणाली, बस गं इथं समोर. जातं तर आता नाही. दोघींनी परातीवर हात फिरवत ओवी म्हटली. आईनं पुरना म्हटलं. पोरीनं विचारलं, आमची नदी कुठली म्हणायची? दादा म्हणाले, आपली खाम.

---

मांजराथडी | शनिवार, रात्री १०:४१

खामला दुसरी ओळ कोण जुळवतंय?

---

गोदातीर | शनिवार, रात्री १०:५८

*सासर दूरदेशी, मधी भरली गं खाम*
*बंधू पल्याड उभा, पुसतो कपाळीचा घाम*

---

फीतवाला | शनिवार, रात्री ११:१०

ताई, फाईलच्या तीन प्रती करा, तीन वेगळ्या घरांत ठेवा. त्यातली एक सेलूला, धाकट्या काकूंच्या माहेरी द्या.